बाळाच्या कवटीची हाडं खरंच हलतात का? क्रॅनिओसेक्रल थेरपीबद्दल विचारायचंय

श्टुटगार्टची_सून

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे, सांभाळून घ्या. लेक साडेतीन महिन्यांचा झालाय आणि त्याचं डोकं मागून उजव्या बाजूला चपटं झालंय. समोरून कळत नाही पण आंघोळ घालताना वरून बघितलं की लगेच दिसतं. इथे जर्मनीत बाळंतपणानंतर घरी येणारी हेबामे असते, म्हणजे सुईणच पण रीतसर शिकलेली, परवाना असलेली. ती म्हणाली ऑस्टिओपाथकडे, म्हणजे हाडं-स्नायूंवर नुसत्या हाताने उपचार करणाऱ्यांकडे, घेऊन जा, इथे सगळेच नेतात, विम्यातून थोडे पैसे परतही मिळतात. म्हणून गेलो. त्या बाईंनी अर्धा तास एक हात बाळाच्या डोक्याखाली आणि एक हात कमरेखाली माकडहाडाच्या जरा वर ठेवला आणि डोळे मिटून बसल्या. दाबणं नाही, चोळणं नाही, काहीच नाही. बाळ झोपून गेलं. मग म्हणाल्या की जन्माच्या वेळी डोक्याच्या मागचं हाड दबलंय, त्याने मेंदूतल्या पाण्याची लय अडकलीये, ती मोकळी करावी लागेल, अजून काही सेशन्स घ्या. याला क्रॅनिओसेक्रल म्हणतात एवढं कळलं.

आता घरात तीन पार्ट्या आहेत. नवरा म्हणतो हा सगळा भोंगळ कारभार आहे. सासूबाई आल्यात इथे, त्या म्हणतात आमच्याकडे टाळूवर तेल भरतात, मालिशवाली बाई डोकं हाताने गोल करून देते, मोहरीची उशी करून घाल, हे असले गोरे उपचार कशाला. आणि मी मधल्या मध्ये. मला एवढंच समजून घ्यायचंय की कवटी म्हणजे एकच हाड नसतं हे शाळेत शिकलो होतो, पण ती हाडं खरंच हलतात का, आणि ही लय म्हणजे नक्की काय? टाळू उडताना मला स्वतःला दिसते, त्या बाई म्हणाल्या तीच ती लय. कोणी डॉक्टर, फिजिओ असाल तर प्लीज नीट सांगा, गूगल करून डोकं फिरलंय.

हाडांचा_मास्तर

वहिनी, मी मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना हाडं शिकवतो त्यामुळे कवटीवर हात ठेवूनच माझा दिवस जातो. सुरुवात शेवटापासून करतो. टाळू उडते ती हृदयाचे ठोके आहेत. उद्या बाळ शांत झोपलेलं असताना टाळू कितीदा उडते ते मोजा आणि त्याच वेळी छातीवर हात ठेवून ठोके मोजा. दोन्ही एकच आकडा येईल, या वयात मिनिटाला साधारण शंभर ते दीडशेच्या मध्ये कुठेतरी. क्रॅनिओसेक्रलवाले जी लय सांगतात ती त्यांच्याच पुस्तकांत मिनिटाला ६ ते १२ आहे. म्हणजे त्या बाईंनी तुम्हाला जे दाखवलं ते त्यांच्या स्वतःच्या थिअरीतसुद्धा बसत नाही.

आता हाडं. मोठ्या माणसाच्या कवटीत २२ हाडं धरतात, कानातली बारकी सहा सोडून. त्यातली ८ मेंदूभोवतीची. पुढे कपाळाचं फ्रॉन्टल, वर दोन बाजूंना दोन परायटल, कानाजवळ दोन टेम्पोरल, मागे ऑक्सिपिटल, आणि तळाशी आडवं पसरलेलं स्फिनॉइड, त्याच्या पुढे नाकाच्या वरच्या अंगाला छोटंसं चाळणीसारखं एथमॉइड. बाकी १४ चेहऱ्याची. यातला फक्त खालचा जबडा मोकळा सांध्याने हलतो. बाकीची हाडं जिथे भेटतात त्या जागेला शिवण म्हणतात. दातेरी नागमोडी रेष असते, कपाळामागे आडवी कोरोनल, मधोमध पुढून मागे सॅजिटल, मागे लॅम्डॉइड, कानाच्या वर स्क्वेमस. स्फिनॉइड हातात घेतलं की पोरं पहिल्यांदा गप्प होतात कारण ते खरंच पंख पसरलेल्या फुलपाखरासारखं दिसतं आणि मेंदूभोवतीच्या बाकीच्या प्रत्येक हाडाला कुठे ना कुठे चिकटलेलं असतं. या सगळ्या थेरपीची मूळ कल्पना याच हाडाभोवती फिरते, म्हणून एवढं सांगितलं.

बाळात मात्र चित्र वेगळं. शिवणी अजून घट्ट नाहीत, मध्ये पडद्यासारखी जागा असते, आणि जिथे दोनपेक्षा जास्त हाडं भेटतात तिथे टाळू. पुढची मोठी टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते, थोडं मागेपुढे चालतं, मागची छोटी दोन-तीन महिन्यांतच बंद होते. प्रसूतीत हाडं एकमेकांवर थोडी सरकतात म्हणून तर डोकं बाहेर येतं, आणि ते आपोआप काही दिवसांत जागेवर येतं. तेव्हा बाळाची हाडं हलतात का, तर हो, हलतात. पण जन्माच्या वेळी दबलेलं हाड साडेतीन महिन्यांनी अजून तसंच अडकलेलं आहे, हे मला पटत नाही. या तीन महिन्यांत मेंदू केवढा वाढलाय बघा. जन्माला डोक्याचा घेर ३५ सेंटीमीटरच्या आसपास असतो, वर्षाचं होईपर्यंत ४६ च्या आसपास जातो. आतून एवढा जोर चालू असतो. जे चपटं झालंय ते बाहेरून एकाच जागी टेकून झालंय, आतून अडकून नाही.

कट्ट्यावरचा_बाळ्या

अर्धा तास डोळे मिटून बसायचे पैसे मिळत असतील तर माझे आजोबा करोडपती व्हायला हवे होते 😀

निशिगंध_पुणे

बाळ्या, हसायला काय जातंय. मी हे शिकले आहे, पुण्यात प्रॅक्टिस करते, मोठ्या माणसांवर, बाळांवर नाही. दोन शब्द माझेही ऐका कारण इथे नेहमी एकच बाजू येते.

ही पद्धत हवेतून आली नाही. अमेरिकेत मिझुरी राज्यात कर्क्सव्हिल गावात अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये ऑस्टिओपथीचं पहिलं कॉलेज काढलं. तिथे विल्यम सदरलँड नावाचा विद्यार्थी होता. सुटी सुटी करून मांडलेली कवटी बघताना त्याच्या लक्षात आलं की टेम्पोरल हाडाची कड तिरकी तासलेली आहे, त्याला ते माशाच्या कल्ल्यासारखं वाटलं, आणि डोक्यात आलं की हे श्वासासारख्या हालचालीसाठी असेल. मग त्याने वर्षानुवर्षं स्वतःच्याच डोक्यावर पट्टे आणि हेल्मेटसारख्या वस्तू बांधून दाब देऊन बघितला आणि काय होतं ते लिहून ठेवलं. १९३९ साली त्याचं पुस्तक आलं. पुढे जॉन अपलेजर, तेही ऑस्टिओपाथच. मानेच्या एका ऑपरेशनला मदत करताना त्यांना मज्जारज्जूवरचं आवरण स्थिर धरायला सांगितलं होतं आणि ते धरता येईना, ते आपल्या लयीत हलत होतं, ना श्वासाशी जुळत ना ठोक्यांशी, असं ते सांगत. मग मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत काही वर्षं त्यावर काम केलं, १९८५ मध्ये फ्लोरिडात संस्था काढली आणि डॉक्टर नसलेल्यांनाही, म्हणजे मसाज थेरपिस्ट, फिजिओ वगैरेंना शिकवायला सुरुवात केली. यावरून त्यांच्याच ऑस्टिओपाथ मंडळींशी बिनसलं. क्रॅनिओसेक्रल हे नाव रूढ झालं ते त्यांच्यामुळेच.

तत्त्वं अगदी थोडक्यात सांगते. मेंदू आणि मज्जारज्जूची स्वतःची सूक्ष्म हालचाल असते. त्यांच्याभोवतीचं पाणी कमीजास्त होत राहतं. आतलं जे जाड आवरण, ड्युरा, ते कवटीला आतून चिकटलेलं असतं, तिथून मणक्यांतून खाली जाऊन सेक्रमला म्हणजे माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाला बांधलेलं असतं, त्यामुळे वर ओढ बसली की खाली जाणवते. कवटीची हाडं आणि सेक्रम दोन्ही त्या लयीत किंचित हलतात. थेरपिस्ट ५ ग्रॅमच्या आसपास इतकाच दाब देतो, एका नाण्याचं वजन म्हणा, आणि ती लय कुठे अडते ते बघतो. कधी लय थांबते, त्याला स्टिल पॉइंट म्हणतात, तेव्हा माणूस इतका खोल विसावतो की घोरायला लागतो. माझ्याकडे येणारे अर्धशिशीचे लोक, झोप न लागणारे, मानेचं दुखणं घेऊन येणारे, बहुतेकांना बरं वाटतं. आणि अभ्यास झालेच नाहीत असं नाही. जर्मनीतच मानेच्या जुन्या दुखण्याच्या ५४ रुग्णांवर चाचणी झाली होती, २०१६ मध्ये छापून आली, अर्ध्यांना खरी आणि अर्ध्यांना नुसता हलका स्पर्श. खरी घेतलेल्यांचं दुखणं जास्त कमी झालं, आणि उपचार संपल्यावर तीन महिन्यांनीही फरक टिकला होता.

हाडांचा_मास्तर

निशिगंध ताई, इतिहास बरोबर सांगितलात, आणि ड्युराचं जे सांगितलंत तेही शरीररचनेच्या दृष्टीने खरंच आहे. ड्युरा फोरामेन मॅग्नमच्या, म्हणजे कवटीच्या तळाच्या मोठ्या भोकाच्या, कडेला घट्ट चिकटते, मग मानेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याला, आणि खाली सेक्रमच्या दुसऱ्या मणक्यापाशी तिची पिशवी संपते. वर कवटीत तिचेच पडदे आहेत, मेंदूच्या दोन अर्धांच्या मधला उभा फाल्क्स आणि मागचा आडवा टेंटोरियम. पाण्याचंही खरंय, दीडेकशे मिली असतं, दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास नवीन बनतं आणि तेवढंच शोषलं जातं, आणि ते हलतं. ठोक्यांनी हलतं, श्वासाने हलतं. गॉटिंगेनच्या लोकांनी एमआरआयवर दाखवलंय की खोल श्वास आत घेतला की हे पाणी जोरात सरकतं. म्हणजे सुट्या सुट्या गोष्टी बघितल्या तर अर्ध्याअधिक खऱ्या. गडबड होते ती त्या जोडून पुढे उडी मारताना.

सदरलँडची सगळी हालचाल ज्या जागेवर बसवली आहे ती जागा म्हणजे स्फिनॉइड आणि ऑक्सिपिटल या दोन हाडांचा तळाशी असलेला जोड. तिथे वाकतं, तिथे सरळ होतं, आणि बाकीची हाडं त्याच्या मागोमाग जातात, असं तुमच्या कोर्समध्येही शिकवलं असेल. लहानपणी तिथे कुर्चा असते हे खरं. पण ती वयात येताना हाड होते, मुलींमध्ये थोडी आधी, मुलांमध्ये थोडी उशिरा, आणि विशीपर्यंत तिथे सांधा म्हणून काही उरतच नाही. मी डेमोला ठेवलेली कवटी करवतीने कापून दाखवतो, सलग हाड असतं. तुमच्याकडे चाळिशीचा माणूस येतो, त्याच्या डोक्यात तो जोड कुठून आणायचा?

राहिल्या वरच्या शिवणी. त्या मोठ्या वयातही काहींच्या पूर्ण बुजत नाहीत, कोणाची तिशीत बुजते कोणाची सत्तरीतही रेष दिसते, इतका फरक असतो की नुसत्या शिवणींवरून वय सांगायला फॉरेन्सिकवाले कचरतात. त्यात तंतू असतात आणि अगदी बारीक, केसाहून कमी मापाची लवचिकता असते. पण ५ ग्रॅमने? दात सरळ करणाऱ्या ऑर्थोडाँटिस्टला विचारा. बारा वर्षांच्या पोराचा वरचा जबडा रुंद करायचा असतो तेव्हा तोंडातल्या टाळ्याच्या मधल्या शिवणीखाली, दातांना धरून स्क्रू बसवतात आणि तो फिरवून काही किलोंचा जोर लावतात, तोही दिवसेंदिवस, तेव्हा कुठे ती उघडते. पंचविशीच्या पुढे बऱ्याचदा ऑपरेशन करावं लागतं. सशांवर २००६ मध्ये छापून आलेला एक प्रयोग आहे, त्यांच्या कपाळाच्या हाडाला ५ पासून २० ग्रॅमपर्यंत जोर लावून बघितला, कोरोनल शिवण हललीच नाही आणि कवटीतला दाबही बदलला नाही.

आणि लयीचं. १९९८ मध्ये दोन थेरपिस्ट एकाच वेळी एकाच माणसावर बसवले, एकाचा हात डोक्यावर, एकाचा पायावर, २८ माणसं. थिअरीप्रमाणे लय एकच असायला हवी, आकडे जुळले नाहीत. एकाच जागी दोघांनी मोजले तरी जुळले नाहीत. त्याआधी आणि नंतर झालेल्या अशा चाचण्यांतही तेच. माझ्या दृष्टीने इथे विषय संपतो.

निशिगंध_पुणे

विषय संपला असं तुम्ही म्हणताय. रक्तदाबात स्वतःच्या अशा हळू लाटा असतात, ट्रॉब-हेरिंग-मायर नावाच्या, मिनिटाला सहाच्या आसपास, हे फिजिऑलॉजीच्या पुस्तकात आहे. आमच्यातल्याच काही लोकांचं म्हणणं आहे की हाताला जे जाणवतं ते हाडाचं हलणं नसून हेच आहे. हाड हलतं असा हट्ट मीही धरत नाही, खरं सांगायचं तर कोर्सलाच मला ते पटलं नव्हतं. पण बरं वाटतं ते वाटतं.

हाडांचा_मास्तर

मग कवटीच्या नावाने पावती का फाडायची ताई, विश्रांतीच्या नावाने फाडा, माझी काही हरकत नाही 🙂 त्या मानेच्या चाचणीत रुग्णाला माहीत नव्हतं खरं कुठलं, पण हात लावणाऱ्याला पूर्ण माहीत होतं, आणि त्या एवढ्याशा गोष्टीने अशा चाचणीत बराच फरक पडतो.

मिरजेची_फिजिओ

ही दोघं भांडत राहतील, मला मूळ प्रश्नावर बोलू द्या, कारण त्यात घाई आहे. मी लहान मुलांमध्ये काम करते.

ताई, आधी एक गोष्ट वेगळी काढा. चपटं डोकं दोन कारणांनी होतं. पहिलं म्हणजे एकाच बाजूला डोकं टेकून झोपल्यामुळे, हे खूपच कॉमन आहे आणि गेल्या तीस वर्षांत वाढलंय, कारण १९९२ मध्ये अमेरिकेतल्या आणि त्याच सुमारास इतर अनेक देशांतल्या बालरोगतज्ज्ञांनी बाळाला पाठीवरच झोपवा म्हणून सांगितलं. त्याने झोपेत अचानक दगावणारी बाळं खूप कमी झाली, त्यामुळे पाठीवर झोपवणं अजिबात सोडायचं नाही, डोकं चपटं झालं तर झालं. दुसरं कारण दुर्मिळ पण महत्त्वाचं, एखादी शिवण वेळेआधीच बंद होणं, क्रॅनिओसिनोस्टोसिस. सगळे प्रकार मिळून दोन-अडीच हजार बाळांत एखाद्याला. त्यातलं मागच्या बाजूचं तर त्याहून क्वचित. पण ते असेल तर ऑपरेशनचा विषय आणि वेळेत कळलेलं बरं, सेशन घेत महिने घालवण्यात अर्थ नाही.

घरी एक बघा. बाळाला मांडीवर घेऊन बरोबर वरून बघा, कोणालातरी फोटो काढायला सांगा. झोपण्यामुळे झालं असेल तर चपट्या बाजूचा कान थोडा पुढे सरकलेला दिसतो आणि त्याच बाजूचं कपाळ किंचित पुढे आलेलं असतं, डोकं वरून तिरक्या चौकोनासारखं दिसतं. मागची शिवण बंद झाली असेल तर कान बहुतेकदा मागे आणि खाली ओढलेला, कानामागे उंचवटा, आणि शिवणीच्या जागेवर बोट फिरवलं की कडक कंगोरा लागतो. हा फरक डॉक्टरनेच ठरवायचा, फोटोवरून मी ठरवत नाही, पण तुम्हाला काय विचारायचं ते कळेल. डोक्याचा घेर दर वेळी मोजून घ्या, आणि टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली, सोबत ताप, उलट्या, बाळ मलूल, असं काही असेल तर वाट न बघता लगेच दवाखाना.

दुसरं, मान. यातल्या बऱ्याच बाळांची मान एका बाजूची ताठ असते, पोटात असताना एकाच पोझिशनमध्ये राहून किंवा प्रसूतीत, त्यामुळे ते एकाच बाजूला वळून झोपतं आणि तिथेच चपटं होतं. म्हणजे डोकं बघून उपयोग नाही, मान बघायला हवी. ताई, बाळ दोन्ही बाजूंना सारखं वळून बघतं का?

सासूबाईंना सांगा तेलाचं मालिश अंगाला खुशाल करा, मलाही आवडतं, बाळ मस्त झोपतं. पण टाळूवर दाबायचं नाही, डोकं हाताने गोल करायचं तर अजिबात नाही. टाळू तेलाने भरत नाही, चहूबाजूंनी हाड वाढून भरते. आणि मोहरीची उशी नको. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात उशीच नको, कुठलीच, मग ती मोहरीची असो की दुकानातली मेमरी फोमवाली. हे आमच्याकडे सांगली-मिरजेलासुद्धा रोज सांगावं लागतं आणि रोज कोणीतरी आजी माझ्यावर रुसते.

वैद्य_खडीसाखर

आजीचा राग समजतो हो. आयुर्वेदाच्या बाजूने थोडं टाकतो कारण गंमत आहे. सुश्रुताने डोक्यातल्या पाच संधींना सीमंत म्हटलंय आणि त्यांना मर्मांत, म्हणजे शरीरातल्या नाजूक जागांत, घातलंय, तिथे मार लागला तर उन्माद, भय, चित्तनाश होऊन मृत्यू येतो असं लिहिलंय. कानशिलांवर शंख मर्म, तेही जीवघेणं सांगितलंय. आता मास्तरांना विचारा की तिथे काय असतं.

हाडांचा_मास्तर

टेरियन. फ्रॉन्टल, परायटल, टेम्पोरल, स्फिनॉइड चारही तिथे भेटतात आणि हाड अगदी पातळ असतं, आतून मधली मेनिंजियल धमनी जाते. क्रिकेटचा बॉल तिथे बसला की पोरगा उठतो, ठीक आहे म्हणतो, आणि काही तासांत बेशुद्ध पडतो. आत रक्त साठलेलं असतं. सुश्रुताची शंखाची जागा बरोबर तिथेच आहे की जरा इकडेतिकडे यावर आमच्या स्टाफरूममध्ये वाद होतात, पण माणसाचं निरीक्षण दांडगं होतं एवढं नक्की.

वैद्य_खडीसाखर

तेच म्हणायचं होतं. आपल्याकडच्या ग्रंथात मर्माला जपायला सांगितलंय, आणि हल्ली तेच दाखवून लोक मर्म आणि क्रॅनिओ असं एकत्र पॅकेज विकायला लागलेत, गोव्यात एक बोर्ड बघितला होता. असो.

मंदा_डोंबिवली

मधेच घुसते. मला अर्धशिशी आहे पंधरा-वीस वर्षं. निशिगंध ताई, मी हे करून बघू का? गोळ्या खाऊन कंटाळले.

निशिगंध_पुणे

मंदाताई, गोळ्या सोडून नका येऊ माझ्याकडे. न्यूरॉलॉजिस्टला दाखवलेलं असेल आणि बाकी काही नाही हे नक्की असेल तर करून बघायला हरकत नाही, तासभर शांत पडून राहायला मिळतं हेच बऱ्याच बायकांना घरी मिळत नाही. पण नुकताच डोक्याला मार लागला असेल, मेंदूत रक्तस्राव किंवा रक्तवाहिनीला फुगा असेल, कवटीतला दाब वाढलेला असेल तर मी हात लावत नाही, कोणीच लावू नये. आणि डोकेदुखी अचानक वेगळीच, आयुष्यातली सगळ्यात भयंकर अशी आली तर थेरपिस्ट नाही, थेट इस्पितळ.

मंदा_डोंबिवली

हे तुम्ही स्वतःच सांगितलंत ते बरं केलंत. न्यूरोची अपॉइंटमेंट घेते आधी.

नाना_फ्रँकफुर्ट

जर्मनीचं थोडं सांगतो, वीस वर्षं इथेच काढलीत. इथे ऑस्टिओपाथ असा वेगळा कायदेशीर पेशाच नाही. करणारा एकतर डॉक्टर असतो नाहीतर हाइलप्राक्टिकरचा, म्हणजे पर्यायी उपचार करण्याचा, परवाना घेतलेला, तो म्हणजे मेडिकल डिग्री नव्हे. अमेरिकेत ऑस्टिओपाथ म्हणजे पूर्ण डॉक्टर असतो, ऑपरेशनही करतो, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो. विमा पैसे देतो म्हणजे ते सिद्ध झालंय असा अर्थ काढू नका, विमेवाल्यांना गिऱ्हाईक हवं असतं. आणि चपट्या डोक्याला आकार यावा म्हणून बाळाला घालतात ते हेल्मेट कोणी सुचवलं तर? माझ्या पुतणीच्या बाळाला सुचवलं होतं.

मिरजेची_फिजिओ

हेल्मेटवर नेदरलँड्समध्ये चाचणी झाली, २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. ८४ बाळं, अर्ध्यांना सहा महिने हेल्मेट, अर्ध्यांना काहीच नाही. दोन वर्षांचं झाल्यावर दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच सुधारलं होतं. खूप जास्त चपटं असेल त्यांना त्या चाचणीत घेतलं नव्हतं, त्यामुळे काही केसेसमध्ये डॉक्टर अजूनही देतात. पण मध्यम चपट्याला मी आईबापांना आधी पोझिशन आणि मान यावर काम करा म्हणते.

श्टुटगार्टची_सून

बाई गं, एवढं सगळं! सगळ्यांचे खूप आभार. टाळू मोजली, मास्तर, नवऱ्याने मोबाइलवर टायमर लावला, ठोक्यांशी अगदी जुळली आणि आता तो घरभर मिरवतोय. वरून फोटो काढला, उजवा कान पुढे आहे आणि उजवं कपाळही थोडं पुढे. कंगोरा वगैरे मला तरी लागला नाही. फिजिओ ताई, मानेचं तुम्ही विचारलंत तिथे मी चमकले, तो नेहमी उजवीकडेच वळतो. डावीकडून खुळखुळा वाजवला तर डोळे फिरवतो पण मान अर्ध्यातच थांबते, रडायला लागतो. त्या ऑस्टिओपाथ बाईंनी मान बघितलीच नाही. सासूबाईंना तुमचा मेसेज वाचून दाखवला, उशी ट्रंकेत परत गेली पण मालिशवरून अजून बोलणी चालू आहेत. पुढच्या आठवड्यात यू-४, म्हणजे इथली तीन-चार महिन्यांच्या बाळाची ठरलेली तपासणी आहे, तोपर्यंत काय करू?

मिरजेची_फिजिओ

यू-४ ला तीन गोष्टी नक्की सांगा, मान डावीकडे पूर्ण वळत नाही, डोकं उजवीकडे चपटं, आणि कान पुढे. मानेच्या बाजूच्या स्नायूत गाठ लागते का ते बघायला सांगा, लागली तर सोनोग्राफी करतात. आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी मागून घ्या, तिकडे ती डॉक्टरांकडूनच मिळते. ताणण्याचे व्यायाम फिजिओने हाताने दाखवल्याशिवाय घरी करू नका, व्हिडिओ बघून तर नाहीच.

तोपर्यंत हे करा. पाळण्यात त्याचं डोकं आत्ता ज्या टोकाला असतं ते उलट करा म्हणजे तुम्ही, खिडकी, उजेड सगळं त्याच्या डावीकडे येईल. उचलताना, बोलताना डावीकडूनच जा. दूध बाटलीने देत असाल तर हात बदला. जागा असेल तेव्हा पोटावर, तुमच्या डोळ्यासमोर, दिवसातून बरेचदा थोडं थोडं, आधी दोन मिनिटं रडेल मग सवय होते. आवडत नसेल तर तुम्ही रेलून बसा आणि छातीवर पालथं घ्या, तेही चालतं. कारसीट गाडीपुरतीच, घरात त्यात झोपवू नका, मागचं डोकं पुन्हा टेकलेलंच राहतं.

आणि सासूबाईंना काम द्या. त्यांना डावीकडे बसवा आणि गाणी म्हणायला सांगा. आजीच्या आवाजाला पोरं मान वळवतात.

कट्ट्यावरचा_बाळ्या

नवऱ्याला टायमर देऊन पोटावरच्या वेळेचा हिशोब ठेवायला लावा, नाहीतर तो अजून कोणाकोणाचे ठोके मोजत बसेल

श्टुटगार्टची_सून

😀 सांगते त्याला. यू-४ झाली की इथेच लिहीन काय म्हणाले ते.